ऑक्टोबरची छाटणी

बनशंकरी, बेंगळूरु
९ मार्च २०२५

प्रिय प्रतिमा,

इकडे सगळं ठीक. रोज फोनवर बोलतो, मग पत्र कशाला, म्हणशील. फोनवर मला खोटं फार पटकन बोलता येतं. कागदाचा फोटो काढून पाठवतोय. टपालावर विसंबलो तर तिकडे होकार-नकार कळवायची तुझी शुक्रवारची मुदत टळून जायची.

तुझ्या कॅनडातल्या द्राक्षमळ्याचे फोटो पुन्हा पाहिले. उणे चोवीसची ती एक रात्र, आणि तू ब्लेडने कापलेले काडीवरचे कोंबाचे डोळे. आतून हिरवा तो जिवंत, तपकिरी तो गेला. बहुतेक तपकिरीच. बुंधेही तडकलेत, म्हणजे जमिनीलगतच्या फुटव्यांतून वेल नव्याने उभे करायचे. त्या कामाला तिथे तू हवीस, हे मलाही कळतं. हेब्बाळच्या कृषी विद्यापीठातल्या नोकरीत जन्मभर द्राक्षं केलीस. निवृत्तीनंतर बायकोला एवढ्या मानाने बोलावलं, याची फुशारकी मारत मीच हिंडतो.

आता आपल्या गच्चीवरच्या वेलीचं. ऑक्टोबरची छाटणी यंदाही राहिली. तिकडे थंडी सरेपर्यंत छाटत नाहीत असं तू सांगतेस ना, तेच मी इथे लागू केलं. शेजारच्या भार्गवीअक्का म्हणाल्या, "अण्णा, बेंगळूरात कसली हो एवढी चळी? स्वल्प गार वारं सुटलं की तुम्ही कानटोपी घालता, आता वेलीलाही घालणार की काय?" मीही हसलो. वेलीचं नुसतं रान माजलंय, घड एक नाही.

पण मी एवढा बावळट नाही गं. बनशंकरीत बर्फ पडत नाही हे इंजिनिअरलाही कळतं. कात्री घेऊन दोन-तीनदा वर गेलो. तू छाटायचीस, मी शिडी धरायचो. शिडी भिंतीला टेकवली, सवयीने दोन्ही हातांनी धरली, आणि तसाच उभा राहिलो. मग खाली आलो.

परवा तू विचारलंस, "खरं सांगा, आणखी एक वर्ष राहू का?" मी म्हणालो, "सरी, बरं, रहा की! माझं काय अडलंय?"

अडलंय, प्रतिमा. दोन वर्षं झाली, मला करमत नाही. तुझ्याकडे सकाळ होईपर्यंत संध्याकाळी घड्याळाभोवती घुटमळत असतो.

माझा विचार करू नकोस, वेलींकडे बघून ठरव, असं शेवटी लिहायचं ठरवून बसलो होतो. नाही लिहीत. माझा विचार कर.

तुझी वाट बघणारा,
मकरंद