ओळख

हर्णे,
१८ जानेवारी २०२५

प्रिय अरशदभाई,

अस्सलामु अलैकुम. आम्ही इथे बरे आहोत, तूही असशील. अम्मीचे गुडघे थंडीत जास्त दुखतात. तुझ्या शिबिराचं कात्रण तिने कपाटाच्या दाराला चिकटवलंय आणि येईल त्याला दाखवते. चौपन्न माणसांची ऑपरेशनं फुकट केलीस. तुझ्या हाताला गुण आहे, ते मी नाकारत नाही.

पण शिबिराच्या दिवशी रत्नागिरीला मी चौथ्या रांगेत बसले होते. माझ्या वर्गातल्या ऋतिकाला घेऊन आले होते. आमटीचं पातेलं सांडून तिच्या उजव्या हाताची बोटं तळव्याला चिकटलीत. तिचा बाप विठू होडीवरचा खाडा करून सोबत आलेला.

तू बोलायला उभा राहिलास आणि पडद्यावर माझा फोटो आला. नऊ वर्षांची, गळ्याभोवती बँडेज. "ही माझी धाकटी बहीण. स्टोव्हशी खेळताना भाजली. तिच्यामुळे मी प्लास्टिक सर्जन झालो. मुलींना स्टोव्हजवळ जाऊ देऊ नका." बाया डोळे पुसत होत्या. ऋतिकाने माझ्या ओढलेल्या हनुवटीकडे बघितलं. "बाई, ह्या तुम्हीच ना?"

स्टोव्हशी खेळताना!

सत्कार लांबले, ऑपरेशनं दोन तास उशिरा सुरू झाली आणि शेवटची तीन नावं पुढच्या वर्षावर गेली. त्यात ऋतिका होती. विठू म्हणाला, "बाय, आता आनी वरीसभर हात आसाच ठेवायचा काय?" म्हणून मी तिथल्या तुझ्या खोलीच्या दाराशी आले.

तू आजूबाजूला बघून हळूच म्हणालास, "इफ्फत, इथे ओळख काढू नकोस. मला सगळे पेशंट सारखेच."

मी ओळख काढली? सकाळी माईकवरून कोणी काढली होती? विठूसमोर तमाशा नको म्हणून मी गप्प परतले. त्याचाच राग अजून उतरत नाही. तुझ्यापेक्षा माझाच जास्त.

ऋतिकाचं ऑपरेशन झालं. तुझ्या तुकडीतल्या आरोही मॅडम एक दिवस जादा राहिल्या, कुणाला न सांगता. काल पुन्हा येऊन त्यांनी पट्टी काढली. पोरीने बोटं उघडली, मिटली, परत उघडली.

मग मॅडमनी मला विचारलं, "तुमच्या मानेचं कुणी कधी बघितलं नाही का?" काय सांगू? बारा वर्षं घरात प्लास्टिक सर्जन आहे. तू नेपाळला जाऊन आलास, आफ्रिकेला जाऊन आलास. ईदला समोर बसून शीरखुर्मा खाताना मात्र माझ्या मानेकडे बघत नाहीस. मीही कधी विषय काढला नाही. म्हटलं, लाज वाटत असेल तुला. पडद्यावर फोटो लावताना बरी वाटली नाही!

येत्या ३ फेब्रुवारीला मॅडम माझं ऑपरेशन करणार आहेत. मान पूर्ण वळेल म्हणतात. फॉर्मवर विचारलं होतं, कशाने भाजलं. मी लिहिलं: 'मोठ्या भावाने रागाने ढकललं, पेटत्या स्टोव्हवर पडले.' तू क्रिकेटला पळतोस असं मी अम्मीला सांगितलं, एवढंच निमित्त होतं. तू रडत म्हणालास, "माझं नाव घेऊ नको गो, अब्बा मारून टाकतील." मी नाही घेतलं. अब्बा गेले, त्यांनाही कळलं नाही. अम्मी आजसुद्धा म्हणते, "आमची इफ्फत पहिल्यापासून धांदरट." एकोणतीस वर्षं ऐकतेय.

तीन तारखेच्या आत हर्ण्याला ये आणि अम्मीला तुझ्या तोंडाने सांग. नाही आलास तर मी सांगेन. आणि तो फोटो काढून टाक. ती पोरगी तुझ्या भाषणासाठी भाजली नव्हती.

लोभ असावा, असं लिहीत नाही. लोभ होता म्हणूनच इतकी वर्षं गप्प बसले.

इफ्फत