आतून आलेला आकडा

सर, आता कामाला बोली लावावी लागते. हे तुम्हाला समजावून कसं सांगायचं याचा मी सकाळपासून विचार करतेय, कारण तुम्ही गेलात तेव्हा मोबाइलवर फक्त फोन येत. आता असं असतं, की कुणीतरी कुठूनतरी एका वेबसाइटवर लिहितं, इंग्रजीतून मराठी, इतके शब्द, परवापर्यंत हवंय. मग त्याखाली आमच्यासारखे ढीगभर लोक आपापला दर टाकतात. मासळीच्या लिलावात भाव चढत जातो, इथे तो उतरत जातो, एवढाच फरक. मी शब्दाला एक रुपया लिहिला की कुणीतरी ऐंशी पैसे लिहितं, आणि मी चहा टाकून येईपर्यंत तिसरं कुणीतरी चाळीसवर उतरलेलं असतं. काम कुणाला मिळालं तेही कळत नाही, नुसती ‘बंद’ अशी पाटी लागते. त्यात हल्ली बऱ्याचदा यंत्राने भाषांतर आधीच करून ठेवलेलं असतं आणि आपण त्यावरून ‘फक्त एक नजर फिरवायची’ असते. ती नजर फिरवायला मूळ कामापेक्षा जास्त वेळ लागतो आणि पैसे तिसरा हिस्सा. तुम्ही असतात तर चष्मा काढून टेबलावर ठेवला असतात.

मी मुलुंडच्या घरात खिडकीशी टेबल टाकून बसते. घरातले काही बोलत नाहीत, पण जाऊबाईंनी जवळच्या एका शाळेच्या ऑफिसात जागा असल्याचं दोनदा सुचवून झालंय. महिन्याचा पगार, दुपारी तीनला घरी. त्यांचं काही चुकत नाही. मीच त्यांना म्हटलं होतं, एवढं वर्ष बघते, एखादं नेमाचं काम मिळालं तर ठीक, नाहीतर शाळा. आणि ते नेमाचं काम गेल्या महिन्यात अगदी दारात आलं होतं. त्याचं काय झालं हे तुम्हालाच सांगावंसं वाटतंय, कारण त्यात तुम्ही मधे आलात.

पण आधी तुमचं स्वयंपाकघर. पार्ल्याचं ते घर, बाहेरच्या खोलीत आल्यागेल्याची वर्दळ, म्हणून तुमचं भाषांतराचं टेबल आत, काकूंच्या ओट्याला लागून. वारा फिरला की बिस्किटांच्या कारखान्याचा गोड वास खिडकीतून आत यायचा आणि काकूंच्या फोडणीत मिसळायचा. टेबलाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला घाटकोपरहून येणारा तो. आम्ही दोघं कॉलेज संपवून तुमच्याकडे शिकायला आलेलो, म्हणजे मी शिकायला आणि तो वाद घालायला. औषधांची माहितीपत्रकं, मिक्सरच्या पुस्तिका, बँकेचे अर्ज, असलं काम. आणि तुमचा तो नियम: एक तरी प्रश्न काढल्याशिवाय काम परत द्यायचं नाही. शंका आली नाही म्हणजे नीट वाचलं नाही, असं तुमचं म्हणणं. प्रश्न पानाच्या तळाशी लिहायचा आणि त्याखाली तुमचं ठरलेलं वाक्य, ‘उत्तर येईपर्यंत हे कच्चे समजावे.’

घाटकोपरवाल्याला या नियमाचा भारी राग. वॉशिंग मशीनच्या पुस्तिकेखाली त्याने मुद्दाम प्रश्न लिहिला होता, ‘मालक स्वतःचे कपडे स्वतः धुतात काय?’ मला वाटलं आता याची खैर नाही. तुम्ही वाचलंत, गालातल्या गालात हसलात आणि म्हणालात, “प्रश्न चावट आहे, पण पुस्तिका शेवटपर्यंत वाचलीयस हे कळलं.” त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. रागावला असतात तर त्याला परवडलं असतं.

रागावलात ते माझ्यावर. लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधाचं पत्रक होतं. मी सुवाच्य अक्षरात उतरवून तुमच्यापुढे ठेवलं. तुम्ही विचारलंत, “शंका?” मी म्हटलं, “काही नाही सर, सोपं होतं.” तुम्ही उठता. काकूंचा खण उघडता. चहाचा चमचा, पोह्यांचा चमचा, आमटीची पळी, मिसळणाच्या डब्यातला तो चिमुकला चमचा, सगळं एकेक करून माझ्या कागदावर मांडता. “दोन चमचे असं लिहिलंयस. यातला कुठला? बाळाला यातल्या कशाने पाजायचं, ते त्याच्या आईला सांग.” माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. घाटकोपरवाला खाली मान घालून पेन्सिलीला टोक काढतोय. आणि काकू मागे वळून म्हणतात, “तिला खुशाल रडवा, पण माझी पळी जागेवर ठेवा. आमटी खोळंबलीय.”

मी प्रश्न लिहिला. आठवड्याने कंपनीकडून उत्तर आलं आणि उत्तरासोबत मापाचा एक प्लास्टिकचा चमचा. तो तुम्ही मला देऊन टाकलात. म्हणालात, “घे. हे तुझं पहिलं उत्तर.” तो अजून आहे, सर. त्याच्या रेघा पुसल्यात, पण साखरेच्या डब्यात तोच असतो. मुलीने दोनदा टाकायला काढला, दोन्ही वेळा मी तिच्यावर खेकसले.

सगळं शिकवलंत तुम्ही, एक सोडून. मरोळच्या कारखान्यातला माणूस काम घेऊन यायचा, तुम्ही बाहेरच्या खोलीत त्याच्यासमोर बसायचात. कागद चाळून व्हायचे, पावसापाण्याच्या गप्पा व्हायच्या आणि मग तो विचारायचा, “किती होतील?” की तुमचं झालं. घसा खाकरायचात, खिडकीबाहेर बघायचात, “बघा, म्हणजे तुम्हीच काय ते...” आणि तेवढ्यात आतून, कणीक मळता मळता, काकूंचा खणखणीत आवाज जायचा. फक्त आकडा. पुढे मागे काही नाही. तो माणूस दचकायचा, तुम्ही जणू ऐकलंच नाही असं करायचात, आणि बहुतेक वेळा तेवढेच पैसे मिळायचे. आम्ही दोघं टेबलाशी तोंड दाबून हसायचो. आता वेबसाइटवरच्या त्या रिकाम्या चौकटीत दर लिहायची वेळ येते तेव्हा मीही घसा खाकरते. आतून कुणी बोलत नाही. मग मी कमीच लिहिते.

तर ते काम. एका एजन्सीतल्या मुलीचा फोन आला. गोड बोलणारी, वाक्यावाक्याला मॅडम. घरी ऑक्सिजन देणाऱ्या मशीनची पुस्तिका आहे, घरच्या माणसांनी वाचायची. भाषांतर झालेलं आहे, पण वेगवेगळ्या लोकांनी केलंय, ते एकसारखं करायचं. दर यथातथाच, पण हे नीट झालं तर त्या कंपनीच्या सगळ्या पुस्तिका दरमहा मला. मी हो म्हटलं. फाइल उघडली तर कुणाचं यंत्र, कुणाचं मशीन, कुणाचं उपकरण, एकजण रुग्णाला तुम्ही म्हणतोय, दुसरा थेट हुकूम सोडतोय. वाचता वाचता एका पानावर थांबले. ते पान माझंच होतं. दोन महिन्यांपूर्वी मी याच एजन्सीला चाचणी म्हणून फुकट करून दिलेलं. नंतर काही कळलं नाही, मी समजले की नापास झाले. म्हणजे अख्खी पुस्तिका तुकडे करून चाचणीच्या नावाखाली फुकटात करून घेतली होती, आणि ती शिवायला आता मलाच बोलावलं होतं. हसावं की रडावं कळेना.

तसंच पुढे गेले, आणि एका पानाच्या तळाशी हे: ‘मुळात फक्त ज्योतीपासून दूर ठेवा एवढेच आहे. देवापुढचे निरांजन व उदबत्ती यात धरावी काय? एकाच खोलीत देव व रुग्ण दोघे असतील तर काय करावे? उत्तर येईपर्यंत हे कच्चे समजावे.’ सर, मी खुर्चीतून उठले. खरंच उठले, वर्गात मास्तर आल्यावर उठावं तशी.

काकू गेल्या तेव्हा घाटकोपरवाला शेवटचा भेटला होता. तेव्हा घेतलेला नंबर लावला.

“अगो बाय, तू! खंय होतंस इतकी वर्सां?”

“ऑक्सिजनच्या मशीनचं पान तू केलंस ना?”

“टेस्ट होती ती. फुकट. वाट लागलीय यार आपली, टेस्टवर टेस्ट देतोय, पास कोण करतच नाही.”

“आणि फुकटच्या टेस्टला प्रश्न जोडलास? तू?”

“मग? सर काय पैशाच्या कामालाच चमचे काढायचे?” तो हसला. मग म्हणाला, “आईला होतं गं ते मशीन. खोली एक, देव तिच्या उशाशी. मी रोज दिवा जिन्यात नेऊन लावायचो आणि ती रोज भांडायची, देवाला घराबाहेर काढलास म्हणून. गेली ती. मला कोणी लिहून दिलं असतं ना, तर तिला वाचून तरी दाखवलं असतं.”

त्यानंतर एजन्सीतल्या मुलीचा फोन. “मॅडम, ते एका पेजखाली कोणीतरी काहीतरी लिहिलंय, ते डिलीट करा ना. क्वेश्चन गेला की क्लायंटला वाटतं आपल्याला येत नाही.” मी म्हटलं, “आणि हे सगळे तुकडे टेस्टचे आहेत ना गं?” ती हळूच म्हणाली, “मॅडम, मी फक्त को-ऑर्डिनेट करते ना.” मला तिचा राग आला नाही. तुमच्या टेबलाशी बसायचे तेव्हा मी तिच्याच वयाची होते, आणि मला चमचे दाखवणारं कुणी होतं.

घाटकोपरवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, “काढून टाक गो. तुला नेमाचं काम मिळतंय, माझ्या प्रश्नापायी कशाला घालवतेस?” मी दोन दिवस फाइल उघडून बंद करत होते. शाळेचं ऑफिस डोळ्यांसमोर, दुपारी तीनला घरी. शेवटी मी सगळं एकसारखं केलं, आणि तो प्रश्न तळाशी राहू द्यायचा नव्हता, म्हणून उचलून पहिल्या पानावर सगळ्यात वर ठेवला. खाली तुमचं वाक्य. पाठवून दिलं आणि भांडी घासायला घेतली.

उत्तर आलं, सर. बऱ्याच दिवसांनी, पण आलं. निरांजन, उदबत्ती, शेगडी, तिन्ही धरावीत; मशीन चालू असेल त्या खोलीत यातलं काहीच पेटवू नये, देव दुसरीकडे हलवावेत. पुस्तिकेत ते आता चौकटीत छापलंय. मी घाटकोपरवाल्याला वाचून दाखवलं. त्याने पुन्हा वाचायला सांगितलं आणि मग फोन ठेवला. नेमाचं काम मात्र ‘दुसऱ्या रिसोर्स’कडे गेलं. रिसोर्स म्हणजे माणूस, सर, हल्ली असं म्हणतात.

जाऊबाईंना मी सध्या नको म्हणून सांगितलंय. आम्ही दोघांनी एक ठरवलंय. यापुढे फुकटची चाचणी कुणीच द्यायची नाही, आणि दर लिहायच्या आधी दुसऱ्याला फोन करायचा. मी काम वाचून दाखवते, तो घाटकोपरहून ओरडून आकडा सांगतो. पुढे मागे काही नाही, अगदी काकूंसारखा. त्याच्या वेळेला मी ओरडते. दोन कामं गेली, एक मिळालं. मिळालं ते आम्ही सांगितलेल्या दरात मिळालं, तेव्हा मी घरात एकटीच मोठ्याने हसले आणि तुमची इतकी आठवण आली की बसून राहिले.

हे पत्र कुठे टाकणार? तुमच्या घराच्या जागी आता टॉवर उभा आहे, आणि स्वयंपाकघर होतं तिथे हवेत कुणाचातरी चौथा मजला असेल. तेव्हा ते इथेच टेबलाच्या खणात राहील. एक सांगून टाकते. आज सकाळी त्याने आकडा सांगितला, मी “बरं” म्हटलं, फोन ठेवला, आणि चौकटीत लिहिताना त्यातून दहा पैसे कमी केले. त्याला सांगितलेलं नाही. तुम्हालाच सांगतेय, कारण तुम्हाला हे कळेल.

आणि नियमाप्रमाणे एक प्रश्न. काकूंचा आवाज यायच्या आधी, घसा खाकरून खिडकीबाहेर बघताना, तुमच्या स्वतःच्या मनात कुठला आकडा असायचा?

उत्तर येईपर्यंत हे पत्र कच्चे समजावे.