पोरकटपणाचं वर्ष

आप्पा, माझ्या घरात ‘पोरकटपणा’ हा शब्द कुणी उच्चारलेला मला खपत नाही. परवा नवऱ्यानं लेकाला सहज म्हटलं, तर मी ताटावरून उठले. बावीस वर्षांचा घोडा झालाय तो, त्याला तो शब्द शोभतोही. लहानांनी केला तर खेळ, थोरांनी केला तर पोरकटपणा, एवढाच त्याचा अर्थ. पण तो कानावर पडला की मला टोकरखाड्याची आपली खोली दिसते आणि दारात तुम्ही उभे असता.

तुम्ही जवळच्या सायली गावातल्या कारखान्यात फिटर. धुळ्याहून टोकरखाड्याला राहायला आलो तेव्हा मी सहा वर्षांची होते. तुमची सायकल वाजली की आम्ही भावंडं चिडीचूप. हसणं तुम्हाला ठाऊकच नव्हतं. मग मी चौथीत असताना, दिवाळीनंतर, तुम्ही बदललात. ड्यूटीवरून आलात की आमच्यात लंगडी खेळायचात, कारखान्याच्या भोंग्यासारखा आवाज काढून डाव संपवायचात, आईच्या डब्यातला गूळ चोरून आमच्या हातावर ठेवायचात. आई करवादायची, “अहो, काय हा पोरकटपणा! चार माणसांत लाज आणाल.” शेजारणीच्या सासऱ्याच्या तेराव्याला तुम्ही खो खो हसलात, तेव्हा तर आई रडलीच. मी मात्र देवाला हात जोडत होते, आमचे आप्पा असेच राहू देत.

एका सकाळी आई नळावर गेली होती. तुम्ही शर्ट घालून उभे, आणि उजव्या हाताला बटणच सापडेना. बोटं नुसती कापडावर फिरतायत. मला वाटलं, हाही खेळच. मग तुमचा चेहरा पाहिला. “आईला सांगू नको हां, बेटा,” म्हणालात. बेटा! तुमच्या तोंडून पहिल्यांदा. मी बटणं लावून दिली. तेव्हापासून होळीपर्यंत रोज लावली.

होळी झाली आणि तुम्ही मशीनजवळ कोसळलात. वापीच्या डॉक्टरांनी आईला विचारलं, हे कधीपासून? आई म्हणाली, “तसं काही नाही हो, जरा पोरकटपणा करत होते.” हाताबिताला काही? “नाही.” मी तिचा पदर धरून शेजारीच उभी होते. तुमच्या डोक्यात गाठ निघाली. फार उशीर केलात, डॉक्टर म्हणाले, आणि ते आईनं मरेपर्यंत स्वतःच्या माथी घेतलं. “आजारी माणसाला मी पोरकट म्हणत राहिले गं,” म्हणून रडायची. मी तिची पाठ चोळायचे, पण बोलले नाही.

हे वाचायला तुम्ही नाही, तीही नाही, म्हणूनच लिहिणं जमतंय. कपाटात टाकीन नाहीतर फाडीन. तुम्ही सांगू नको म्हणालात म्हणून मी गप्प राहिले, असं इतकी वर्षं स्वतःला समजावत आले. खोटं आहे ते, आप्पा. तुम्हाला काहीतरी झालंय, हे मला पहिल्याच सकाळी कळलं होतं. डॉक्टर तुम्हाला बरं करतील आणि आधीचे आप्पा घरी येतील, याची मला भीती वाटली.