आधी सत्कार, मग गाऱ्हाणं

५ मार्च
शाळेच्या फळ्यावर कागद लागला. जूनपासून पाचवी, सहावी, सातवीचे वर्ग सात रस्ता चौकापलीकडच्या मोठ्या शाळेत हलवणार. कारण पट कमी. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मी नोकरीतली. मला तोंड उघडता येत नाही. तुम्ही पालक बोला." खरं आहे.
गौरी सहावीत जाईल. नातीला पोचवायला मी आहे, पाय चालतात तोवर. तिच्या वर्गातल्या लावण्याला कोण पोचवणार? तिची आई पद्मा दिवसभर विड्या वळते. विचारलं, तर म्हणाली, "सासू म्हणती, तेवढ्या लांब कशाला, शाळा बास झाली. घरात बसून विड्या शिकू दे."
एका मुलीचं हे. गल्लीत अशा पुष्कळ.

८ मार्च
शाळा समितीची बैठक. अध्यक्ष बसवराज अण्णा, किराणा दुकानवाले. मी म्हटलं, मागणी एकच ठेवा: तिन्ही वर्ग इथेच राहावेत. लेखी ठराव करा, शिक्षण मंडळात द्या, शिक्का मारून पोच घ्या. लगेच बाकीच्यांचं सुरू. पाण्याची टाकी, संडासाची दारं, मैदानाला कुंपण. अण्णा म्हणतात, "काकू, जातोच हाय तर सगळंच सांगून टाकू की!" दहा गोष्टी सांगितल्या की साहेब सगळ्यात स्वस्त असेल ती करतो. दार मिळेल, शाळा जाईल. बाकीचं सगळं खोडलं. दोघं रुसले. रुसोत.

१२ मार्च
मंडळाचं कार्यालय. साहेब दौऱ्यावर. कारकून म्हणाला, "ठेवून जा, बघतो." पोच घेतल्याशिवाय जाणार नाही म्हटलं. जेवणाची सुट्टी झाली, संपली. मी बाकावर. शेवटी शिक्का मारला आणि विचारलं, "पेन्शनर का तुम्ही?" हो. "तरीच."

२१ मार्च
साहेब शाळा बघायला येणार. अण्णांनी लगेच सत्कार काढला. शाल, नारळ, फेटा. मी विरोध केला. आधी मागणी वाचून दाखवू, साहेब काय म्हणतात ऐकू, मग वाटलं तर नारळ द्या.
"साहेब दारात येणार अन् आपण कागद पुढं करायचा? आपल्यात तसं चालत न्हाय, काकू. लई वाईट दिसतं ते."
रझिया एरवी माझ्या बाजूची. रिक्षावाल्याची बायको, तोंडाची फटकळ. तीही म्हणाली, "घर पे आए सो मेहमान कू पैले पानी पूछते ना काकू. झगडा बाद में."
एकटी पडले.

२४ मार्च
साहेब आले. फेटा बांधण्यातच निम्मा वेळ. मग अण्णांचं भाषण: कर्तव्यदक्ष, विद्यार्थिप्रिय, आमचं भाग्य. कुणीतरी नारळाचं ताट माझ्या हातात कोंबलं. ठेवायला जागा शोधते तोवर फोटो निघाला. साहेब म्हणाले, "सहकार्य असंच असू द्या." फोन वाजला, फेट्यासकट गाडीत बसले. ठराव अण्णांच्या खिशात तसाच.
रझिया: "झगडा करने कूच नै मिला."
ताट अण्णांच्या हातात दिलं. बोलून काय.

२६ मार्च
पेपरात फोटो. खाली छापलंय, 'वर्ग हलवण्याच्या निर्णयाचे पालकांकडून स्वागत, अधिकाऱ्यांचा सत्कार.' सगळ्यांत पुढे मी, ताट घेऊन.
सकाळी अण्णा पेपर नाचवत आले. "फोटू झकास आलाय काकू!" म्हटलं, खालचं वाचा. उभ्या उभ्या वाचलं. चहा न घेता गेले.
पुण्याहून शुभदाचा, गौरीच्या आईचा फोन. "आई, तू पाठिंबा कधी दिलास?" पोटची पोर विचारते, तर बाकीच्यांनी काय समजायचं.

२ एप्रिल
मंडळात. कारकुनाने कात्रण काढून दाखवलं, फाइलला लावलेलं. "पालकांनी स्वागत केलंय की. आता विरोध कसला?" साहेब भेटले, उभ्यानेच. त्यांना म्हटलं, सत्कार हा आमच्याकडचा रिवाज आहे, संमती नव्हे. हसले. "असं करा, सोळा तारखेला अकरा वाजता सुनावणी ठेवतो. सह्यांचे कागद आणू नका. माणसं आणा."
येतील असं त्यांना वाटत नाही. मलाही.

५ एप्रिल
सगळ्या आयांना सकाळी घरी बोलावलं. एकही आली नाही. सतरंजी घातली, काढली. संताप झाला. ज्यांच्यासाठी करायचं त्यांनाच पडलेली नाही.
संध्याकाळी पद्मा आली. म्हटलं, आता कशाला आलीस? शांतपणे म्हणाली, "काकू, त्या वेळेला कारखान्यात विड्या मोजून घेतात. खाडा झाला की पानं, तंबाखू मिळत न्हाय. मग हप्ताभर काय करायचं?"
म्हणजे सोळा तारखेलाही तेच.

७ एप्रिल
कारखान्याच्या दारात, बायकांच्या रांगेत उभी राहिले. ऊन भयंकर. तेलुगू चालू होतं, मला अर्धंमुर्धं कळतं. पद्मा सांगत होती. एक म्हातारी मला न्याहाळून काही बोलली आणि सगळ्या हसल्या. काय म्हणाली? "म्हणती, ही मास्तरीण आपल्यालाच छड्या मारील." मी मास्तरीण नव्हे, पण असो.
ठरलं. सोळाला ज्या जातील त्यांच्या विड्यांच्या टोपल्या बाकीच्या आणतील. दारावरच्या मुकादमाशी त्याच बोलल्या. माझं काही काम पडलं नाही.

१३ एप्रिल
घरी तालीम. अण्णांना साहेब केलं, माझ्या खुर्चीत बसवलं. अण्णा, गंभीर चेहऱ्याने: "पट कमी आहे."
रझिया: "पट कम है तो बच्चे लाओ, शाला कायकू उठाते? ग्राहक कम हुए तो तुम दुकान नदी पार ले जाते क्या?"
अण्णा उठूनच उभे राहिले. "हे साहेबाला बोल, मला कशाला!" बऱ्याच दिवसांनी हसू आलं.
एकीने एकच मुद्दा बोलायचा. रडायचं नाही. साहेब दुसरा विषय काढतील, त्यात शिरायचं नाही. पद्मा म्हणते, मला मराठीत जमणार नाही. म्हटलं, तेलुगूत बोल, मी बघते.

१६ एप्रिल
सुनावणी. खुर्च्या कमी पडल्या, बायका भिंतीला उभ्या. साहेब चकित, तसं दाखवलं नाही. रझिया तालमीपेक्षा सौम्य बोलली. पद्मा मराठीतच बोलली.
"साहेब, तितल्या खोल्या मोठ्या असतील. माझ्या पोरीला तेवढ्या गाड्यांतून रोज कोण नेणार? तुमी?"
"बसची सोय करू."
"कागदावर देता?"
मग साहेब: वरून आलेला निर्णय आहे, तरी प्रस्ताव फेरविचाराला पाठवतो. मी म्हटलं, हे लेखी द्या. "पाठवतो म्हणालो ना, बाई."
लेखी दिलं नाही. आमचं म्हणणं लिहून दिलं होतं, त्याची पोच तेवढी मिळाली.
बाहेर अण्णांनी सगळ्यांना उसाचा रस पाजला. जिंकल्यासारखा. मी पोचेवरची तारीख पुन्हा वाचली.

११ मे
उत्तर नाही. साहेब प्रशिक्षणाला. कारकून बदलला, नव्याला पहिल्यापासून सांगितलं. त्याने कात्रण काढून दाखवलं.
उन्हाने डोकं धरतं. शुभदा म्हणते, गौरीला इकडे आण, इथे चांगल्या शाळा आहेत, तू किती दिवस हे करणार? तिचं चूक नाही. गौरीचा प्रश्न उद्या सुटेल. मग मी कार्यालयात कुणाची पालक म्हणून जायचं?
पद्माकडे गेले होते. लावण्या मांडीवर सूप घेऊन विड्यांना दोरा बांधत होती. सासू म्हणाली, "सुट्टी हाय म्हणून." हात चांगला बसलाय तिचा.

२ जून
कार्यालयात. "विचाराधीन आहे." कुठे? "वर." परत.

१६ जून
शाळा उघडली. हलवा असा आदेश नाही, राहू द्या असाही नाही. मुख्याध्यापिकांनी स्वतःच सहावीच्या खोलीचं कुलूप काढलं. म्हणाल्या, "आदेश येईपर्यंत वर्ग आहे." तोंड न उघडता बाईंनी हे केलं. मनात नमस्कार केला.
गौरी बाकावर बसली. शेजारची जागा रिकामी. घंटा झाली तरी रिकामीच. गल्लीत गेले. लावण्या उंबऱ्यात, मांडीवर सूप. सासू भिंतीला टेकून.
"आली का ऑर्डर?"
"नाही."
"मग कुठल्या शाळेत पाठवू?"
साधा प्रश्न. मंडळातही इतका सरळ कुणी विचारला नाही. म्हटलं, "आज इथल्याच."
पद्मा आतून आली, पोरीच्या मांडीवरचं सूप उचललं आणि स्वतः घेऊन बसली. लावण्या तशीच, बिनदप्तराची, माझ्याबरोबर निघाली.
मागून सासूचा आवाज: "अन् उद्या?"
"उद्याचं उद्या सकाळी येऊन सांगते," म्हटलं.
आता रोज सकाळी आधी त्या दारात जायचं, मग मंडळात.