तोंड भिंतीकडे

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. (वाकणे हा शब्द आमच्या घरात फारसा वापरत नाहीत, पण त्याबद्दल पुढे लिहितेच.) तुझी पाठ आता कशी आहे? वहिनीचा खोकला गेला का? आणि तुझी जीप कशी आहे? खरं तर तिची चौकशी सगळ्यांच्या आधी करायला हवी होती, कारण ती तुझी थोरली लेक आहे हे वहिनीसुद्धा मान्य करते. गिअर अजून एका बोटाने पडतो ना? मुद्दाम विचारते असं समजू नकोस. सहज आठवण झाली.

इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. यार्डही आजच्या तारखेला उघडं आहे. सोमवारनंतर ते उघडं राहील की फाटकाला सरकारी सील लागेल, हे मात्र देव जाणे. त्याची हकिकत तुला कळावी एवढ्यासाठीच हे पत्र लिहिते आहे. तू सगळं सोडून धावत यावंस असं अजिबात नाही.

दादा, सरकार ही काय चीज आहे हे मला गेल्या महिन्यापर्यंत माहीत नव्हतं. मला वाटायचं, सरकार म्हणजे रांग. पण परवान्याशिवाय जुन्या गाड्या मोडणारी यार्डं बंद करायची असं वरून ठरलं आणि मी थक्क होऊन बघत राहिले. आधी भोंगा लावलेली गाडी गल्लीगल्लीतून फिरली. मग आकाशात भुणभुण करणारं एक यंत्र आलं, आमच्या पत्र्यांवरून, टायरांच्या ढिगावरून आणि मी वाळत घातलेल्या चादरींवरून सावकाश फिरलं आणि निघून गेलं. (मामंजींनी त्याला मूठ दाखवली. तो फोटो आता सरकारदरबारी जमा असणार.) मग सील लागायला सुरुवात झाली. आमच्या शेजारच्या यार्डवाल्याला सगळे ‘घण’ म्हणतात, कारण हा माणूस उभा ट्रक जेवणाआधी आडवा करतो. त्याच्या फाटकाला सील लागलं म्हणून मी मुद्दाम बघायला गेले. मला वाटलं, साखळदंड असतील. तर सुतळीचा एक तुकडा आणि त्यावर लाखेचा ठिपका! आणि घण त्या सुतळीसमोर हात मागे बांधून उभा, जणू शाळेत वर्गाबाहेर काढलाय. माझ्या अंगावर काटा आला. घरी येऊन यांना म्हटलं, आजच्या आज अर्ज करा.

अर्ज केला तर नियम आले. तू हसशील, पण ते नियम वाचताना मला भरून आलं. गाडी उघडायची ती सिमेंटच्या फरशीवरच, म्हणजे तेल जमिनीत मुरणार नाही. तेल वेगळ्या टाकीत, बॅटरी वेगळ्या फळीवर, काच वेगळी, आणि गाडीत मालकाच्या विसरलेल्या वस्तू सापडल्या तर त्या पुसून वेगळ्या टेबलावर. आमच्या मागच्या विहिरीच्या पाण्यावर माझ्या लग्नापासून तेलाचा रंगीत तवंग आहे. त्याबद्दल कधी कुणी चकार शब्द काढला नव्हता. आणि कुठल्या तरी दूरच्या कचेरीत पंख्याखाली बसलेल्या, आम्हाला कधीही न पाहिलेल्या माणसाने आमच्या पायाखालच्या मातीचा विचार केला! यांना म्हटलं, पैशाचं काहीही होवो, फरशी घालायची. घातली. आता ती इतकी सुंदर झाली आहे की मी चप्पल काढून जाते.

प्रश्न होता मामंजींचा. ‘मोडेन पण वाकणार नाही’ ही म्हण लोक बोलायला वापरतात, आमच्या मामंजींनी तिच्यावर धंदा उभा केला आहे. (आणि आमच्या लग्नात तू भर मांडवात ‘जोडणाऱ्यांची मुलगी मोडणाऱ्यांच्या घरात चालली’ असं म्हणालास, त्याबद्दल तुला माफ करायला ते अजून वाकलेले नाहीत. तुझं नाव निघालं की ते कान कोरत बसतात.) त्यांनी नियम ऐकून घेतले आणि म्हणाले, ठीक आहे, पण माझा नियम तोच राहील. त्यांचा नियम म्हणजे भिंतीचा. यार्डात आलेली गाडी रस्त्याकडे तोंड करून उभी असेल, तर ती पाहुण्याची नाहीतर गिऱ्हाइकाची, तिला बोट लावायचं नाही. तोंड भिंतीकडे असेल तर ती मोडीत, मग कुणालाही काही विचारायचं नाही. इतकी वर्षं या नियमात एकदाही चूक झाली नाही. आमचे लोक गाडीचा नंबर बघत नाहीत, रंग बघत नाहीत, तोंड बघतात.

परवा तपासणी होती. तपासणीला आल्या एक साहेबबाई, माझ्या निम्म्या वयाच्या, पण काय नजर! दारातून आत पाऊल टाकलं आणि म्हणाल्या, “फरशीचा उतार टाकीकडे आहे, छान.” मी तर तिथेच त्यांची भक्त झाले. त्यांना घेऊन मी आत कागद आणि मापं दाखवायला गेले. हे टाकीपाशी होते. जाताना बाई मामंजींना म्हणाल्या की तुमच्या माणसांना एक गाडी नियमाप्रमाणे मोडून दाखवायला सांगा, मी येऊन बघते. आणि तेवढ्यात बाहेर त्यांचा ड्रायव्हर ऊन लागतंय म्हणून कचेरीची जीप (तुझ्या जीपच्याच जातीची) भिंतीच्या सावलीत, अगदी बंपर टेकवून, लावून चहाला गेला.

आता तूच सांग, आमच्या माणसांचं काय चुकलं? जीपचं तोंड भिंतीकडे. दार काथ्याने बांधलेलं. एका दिव्याच्या जागी नुसतं भोक. पायाशी बघावं तर खालची जमीन दिसते. शिवाय मामंजींचं म्हणणं असं, की परीक्षा सरकारची आहे, तर प्रश्नपत्रिकाही सरकारनेच आणली असणार. त्यांनी जीप ढकलत फरशीवर घेतली आणि माणसांकडे बघून मान हलवली.

दादा, मी या घरात इतकी वर्षं आहे, पण त्या दिवशी आमच्या माणसांनी जे केलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. मी आणि बाई बाहेर आलो तेव्हा दारं, बॉनेट, चाकं, सीट, पाटी सगळं निघून जागच्या जागी लागलेलं होतं आणि सांगाड्यावरून इंजिन साखळीने वर चढत होतं. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. एकाचा हात निघाला की दुसऱ्याचा तिथे पोचलेला. तेलाचा एक थेंब फरशीवर नाही. उन्हात ते इंजिन हळूहळू फिरत होतं आणि मला वाटलं, आपण आयुष्यभर जिला भंगार म्हणतो ती गाडी आत इतकी देखणी असते! बाईंचीही तीच गत. पेन हातात, पण लिहायचं विसरल्या. शेवटी म्हणाल्या, “असं काम मी मोठ्या सरकारी केंद्रातही पाहिलं नाही.” मामंजींच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला हसू म्हणतात हे माझ्या हळूहळू लक्षात आलं.

मग बाई वस्तूंच्या टेबलाकडे वळल्या. तिथे नियमाप्रमाणे पुसून, ओळीने मांडलेलं होतं : एक छत्री, एक चष्म्याचं घर, एक जेवणाचा डबा. बाईंनी कौतुकाने मान हलवली. मग छत्रीकडे परत बघितलं. मग डब्याकडे. मग भिंतीकडे. तेवढ्यात ड्रायव्हर चहा पिऊन आला आणि म्हणाला, “मॅडम, गाडी कुठे नेली?”

मी डोळे मिटून घेतले. आता सुतळी आणि लाख येणार हे ठरलंच. पण बाईंनी काय करावं? खुर्ची मागितली, बसल्या, डबा उघडला आणि शांतपणे जेवल्या. अर्धी भाकरी संपल्यावर म्हणाल्या, “मोडलंत बरोबर, पण आधी मोडलंत.” मग सगळं सांगितलं. ती जीप वय उलटून गेलेली, मोडीत काढायच्या गाड्यांत तिचं नाव कधीचंच लागलेलं. पण सरकारचाच हुकूम, की मोडायची ती परवाना असलेल्या यार्डातच. आणि या भागात परवाना कुणालाच नाही. आम्हाला परवाना द्यायचा आणि पहिलीच ही जीप आमच्या गळ्यात घालून सुटायचं, यासाठी बाई कधीपासून खटपट करत होत्या. आता झालं असं, की परवाना नसलेल्यांना पकडायला निघालेल्या अधिकाऱ्याचीच सरकारी गाडी परवाना नसलेल्या यार्डात मोडली गेली. सोमवारी वरचे मोठे साहेब कचेरीच्या आवारातल्या गाड्या डोळ्यांनी बघणार आहेत. जीप तिथे स्वतःच्या चाकांवर उभी दिसली, तर त्याच दिवशी आम्हाला परवाना, आणि दुसऱ्या दिवशी तीच जीप रीतसर मोडायला आमच्याकडे परत. दिसली नाही तर बाईंची नोकरी आणि आमचं यार्ड दोन्ही गेलं. मी म्हटलं, परवान्यावर तारीख थोडी मागची घालता येणार नाही का? तर त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी पदर सारखा केला. इतका सरळ माणूस मी सरकारात काय, सरकाराबाहेरही पाहिला नाही.

म्हणजे जी गाडी मोडायची आहे ती आधी जोडायची, ती परत मोडता यावी म्हणून. आमची माणसं परवापासून त्या ओळीने लावलेल्या भागांभोवती फिरताहेत. एकाने चाक उचललं, सांगाड्याजवळ नेलं आणि पुन्हा ठेवून दिलं. मोडायचं काम त्यांच्या हातांना इतकं पाठ आहे की उलटं करायला सांगितलं तर हातच चालत नाहीत. यांनी काल रेडिएटर बसवला, तो सीटच्या बाजूला. मला रडूही आलं आणि हसूही.

असो. तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझी पाठ सांभाळ. सोमवारपर्यंत आमचं काही ना काही होईलच. वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
मोडणाऱ्यांच्या घरातली बहीण

ता. क. : पत्र पाकिटात घालत होते तेवढ्यात मामंजी आले. फरशीकडे बघत म्हणाले, “तुझा भाऊ अजून जोडतो का गं?” दादा, त्यांनी तुझं नाव काढलं आणि कानाला हात लावला नाही. मी हो म्हटलं. मग म्हणाले, “गाडी जोडताना मी कधी पाहिली नाही. एकदा बघावी म्हणतो.” आता तूच ठरव. येणार असलास तर पान्यांची पेटी आण, आमच्याकडचे सगळे पाने एकाच दिशेने झिजलेत.

दुसरी ता. क. : एक सांगायचं राहिलं. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, फोडूनच ढिगात टाकायचं ही इथली जुनी सवय, त्यामुळे जीपच्या गिअरबॉक्सवर मामंजींनी हौसेने पहिला घण घातला होता. तो काही आता जुळत नाही. त्या जातीचा गिअरबॉक्स कुठेच मिळत नाही असं हे म्हणतात. मला वाटतं, तू बसने येऊ नकोस. बसमध्ये तुझी पाठ अवघडते. आपल्या जीपनेच ये.

तिसरी ता. क. : गाडी कुठे लावायची याची चिंता नको. मामंजींनी सकाळीच स्वतः वाकून भिंतीपाशी जागा झाडून ठेवली आहे.