कुंताबाईंच्या ओटीचा ऑटोप्रवास

॥ श्रीरेणुका प्रसन्न ॥

स्वस्ति श्री सकलगुणालंकारमंडित, संत्राबागाधिपती, आष्टीपंचक्रोशीभूषण, ग्रामसभागर्जनकेसरी, भगिनीवत्सल, भगिनीपतिसहिष्णू (हे शेवटचे बिरुद आजपासून विशेष अर्थाने लागू), ज्येष्ठश्यालकशिरोमणी श्रीमंत प्रभाकरराव यांच्या चरणी, देवळी मुक्कामाहून पतितपदयात्री भैय्याजीचा साष्टांग दंडवत. (दंडवत केवळ लेखी आहे. प्रत्यक्ष घातल्यास पुन्हा उठण्याची शाश्वती आज देता येत नाही.)

आपल्या दाढेची प्रकृती कशी आहे? आपण त्या दाढेच्या निवारणार्थ आष्टीहून आमच्या बोरगाव मेघेच्या घरी यावे, आणि दुसऱ्याच दिवशी यजमानाने माहूरच्या पायवाटेला लागावे, हा आतिथ्यधर्माचा भंग होता याची मला जाणीव आहे. सौ. उज्वला आपल्याला मऊ भात वाढत असेलच. लोणच्याच्या बरणीपासून दूर राहावे.

आता मूळ विषयाकडे येतो. म्हणजे यायला हवे, म्हणून येतो. आमचे प्रस्थान आपण स्वनेत्रांनी पाहिलेच. चौकातील फलकावर माझे छायाचित्र होते (त्यात माझ्या मुद्रेवर जे वैराग्य दिसते, ते मूळचे पासपोर्टसाठीचे). वसाहतीतल्या सुवासिनींनी ओवाळले, गळ्यात हार पडले आणि मी पदयात्रेच्या आध्यात्मिक अधिष्ठानावर छोटेसे भाषण केले. ते छोटे नव्हते असे बबनरावांचे मत आहे. परंतु बबनराव पदयात्रेचे प्रमुख असल्यामुळे त्यांना ऊन चढण्यापूर्वी निघण्याची घाई होती. मी पूर्वतयारी कशी केली हेही आपण जाणता. रोज सायंकाळी पदभ्रमणाच्या सरावासाठी मी घरातून निघत असे आणि चहाच्या टपरीवर बसून माहूरच्या मार्गाचे विवेचन करत असे. नवे बूट मात्र पेटीतच ठेवले होते. पवित्र कार्याचा शुभारंभ अस्पर्शित पादत्राणांनी व्हावा, असा माझा सिद्धांत. उज्वला म्हणाली होती, “चार दिवस घालून फिरा तं खरं, मंग कळन.” त्या विदुषीचे हे वचन मी तेव्हा प्राकृत म्हणून नाकारले.

शीव ओलांडण्याआधी घडलेला एक प्रसंग आपल्या नजरेतून कदाचित सुटला असेल, कारण आपण तेव्हा गाल धरून बसला होतात. समोरच्या कुंताबाई आल्या. त्यांची नात खुशी गेल्या पावसाळ्यात तापाने महिनाभर अंथरुणाला खिळली होती, तेव्हा त्यांनी रेणुकामातेला पायी येऊन ओटी भरण्याचा नवस केला होता. पोर उठून शाळेत जाऊ लागली. कुंताबाईंचे गुडघे मात्र भाजीच्या वाफ्यापासून बाजारापर्यंतच कसेबसे पोचतात. त्यांनी खण, नारळ आणि तांदूळ स्वतःच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून माझ्या हाती दिले, माझ्या पायांना हात लावला (त्या माझ्या आईच्या वयाच्या आहेत) आणि म्हणाल्या, “भैय्याजी, मह्या पायाच्या जागी तुमचे पाय. गाडीत नोका बसवजा तिले. पायीच नेजा.” मी संस्कृतात तथास्तु म्हणालो. मराठीत म्हणालो असतो, तर कदाचित अधिक काळ लक्षात राहिले असते.

सालोड येईपर्यंत माझ्या दोन्ही टाचा माझ्याशी असहकार पुकारून बसल्या होत्या. मंडळी पुढे गेली. मी ‘निसर्गनिरीक्षण’ असे सांगून एका बाभळीखाली थांबलो आणि बूट काढून पाहिले. काय पाहिले याचे वर्णन जेवणाच्या वेळी वाचले जाण्याची शक्यता असल्याने टाळतो. तेवढ्यात आपल्या परिचयाचा मुकेश ऑटो घेऊन आला. “काकाजी, बसा नं घडीभर सावलीत,” म्हणाला. मी बसलो. प्रभाकरराव, येथपर्यंत मी निर्दोष आहे. पुढचे वाक्य मात्र माझे आहे, मुकेशचे नाही. मी म्हटले, “देवळीलेच चालला का? चल मंग.” मंडळी ज्या झाडीत न्याहारीला बसली होती तिथून जाताना मी वाकून पायाशी काहीतरी शोधत असल्याचा अभिनय केला. ओटी माझ्या मांडीवर होती. खड्डा आला की नारळ आत हलून आवाज करी. मी तो हातांनी दाबून धरला.

देवळीच्या मंदिरात मी सर्वांच्या आधी पोचलो आणि इथेच माझ्या अधःपाताचे आरोहण सुरू झाले. बबनराव आले, मला पाहिले आणि भर सभामंडपात ओरडले, “अरे बाप! भैय्याजी तं उडूनच आले ना जी!” (न्याहारीत पोहे दुसऱ्यांदा घेतल्यामुळे मंडळीला पोचायला वेळ लागला, हे त्यांच्या ध्यानी आले नाही.) कोणी मला नारळपाणी दिले. कोणी विचारले, एवढे बळ येते कुठून. मी मान खाली घातली. ती लज्जेने घातली होती, तिला विनय समजले गेले. मी बोलायला तोंड उघडले, तर बबनराव पाया पडले. माझ्या, प्रभाकरराव. ज्या माणसाने माझे भाषण मध्येच तोडले होते, त्याने.

मग पाद्यपूजा झाली. देवळीत अशी रीत आहे की पायी आलेल्याचे पाय यजमानीण परातीत धुते, आणि ते धुळीचे पाणी आपल्या दारच्या तुळशीला घालते. कोकिळाबाई नावाच्या गृहिणी एकेकाचे पाय धूत होत्या. बबनरावांच्या वेळी परातीत अक्षरशः चिखल झाला. माझी पाळी आली. बुटातले माझे पाय सोललेले होते, पण धूळ कणभर नव्हती. पाणी ओतले, आणि परातीत पितळेचा तळ लख्ख दिसत राहिला. कोकिळाबाईंनी परातीत पाहिले, माझ्याकडे पाहिले. “काय भाऊ, हवेतून आलते का?” बबनराव आनंदाने म्हणाले, “तेच तं म्हणून राह्यलो मी मघापासून!” सारे हसले. कोकिळाबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या फोडांना हळद लावली, आणि ती परात तुळशीकडे न नेता मोरीत रिकामी केली. आवाज फार मोठा झाला, की मलाच तसा वाटला, सांगता येत नाही.

तेव्हापासून मी एका शास्त्रीय प्रश्नात अडकलो आहे. सालोड ते देवळी एवढी वाट ओटी चाललेली नाही. ती चालवायची तर तिला आधी सालोडला न्यायला हवी, आणि गाडीने नेली तर दोष दुप्पट. म्हणजे उद्या उलट चालत सालोडला जायचे, त्या बाभळीला हात लावायचा आणि चालत परत यायचे. मंडळी तोवर कळंबच्या दिशेने गेलेली असेल. मी मागून एकटा जाईन. बबनरावांना सगळे सांगितले. ते म्हणाले, “मंग मी पाया कोनाच्या पडलो जी?”

आपला चरणरजःकणविहीन,
भैय्याजी

ता. क. – वरील सर्व वृत्तांत केवळ पुढील विनंतीची प्रस्तावना आहे. शीव ओलांडलेल्या नवसकऱ्याने दर्शनाआधी घराचा उंबरठा ओलांडायचा नसतो. सबब, दाराआड माझ्या जुन्या चपला आहेत, डाव्या चपलेचा अंगठा शिवलेला; त्या उद्या सकाळी सालोडच्या थांब्यावर आणून द्याव्यात. उज्वलेला कळू नये. कळल्यास तिने म्हणायचे ते आपल्यासमोरच म्हणून घ्यावे, मला निरोपाने कळवू नये.

ता. क. २ – कुंताबाई आपल्या ओट्यावर बसलेल्या असतील आणि चपला कुठे चालल्या असे विचारतील. त्यांना काही सांगू नये. नाही, सांगावे. ओटी गाडीत बसली हे सांगावे, आणि ती उद्या उतरून मागे चालत जाणार आहे हेही सांगावे. त्यांनी ओटी परत मागितली, तर मी सालोडलाच थांबून राहतो, चपलांबरोबरच तसे सांगावे.

ता. क. ३ – या पत्राची छायाचित्रे काढून आपल्या फोनवर पाठवायची आहेत, पण माझा फोन मरणपंथाला लागला आहे. सभामंडपात विजेचा एकच प्लग चालतो आणि त्यात दुपारपासून बबनरावांची चार्जिंगची बत्ती लावलेली आहे. ती पूर्ण भरली आहे, हिरवा दिवा मला इथून दिसतो. परंतु आजच्या दिवशी त्यांना ‘ती काढा’ असे कोणत्या तोंडाने म्हणावे?