ठोके मोजायची गरज काय?

६ मार्च, शुक्रवार

आजपासून रोजनिशी लिहिणार. डॉक्टर लोकांना पुरावा लागतो.

तनुजाचा आठवा महिना संपत आला. आज डॉ. भार्गवी मॅडमनी तिचं बीपी दोनदा मोजलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि सांगितलं की यापुढे आठवड्यातून दोनदा यायचं. पोटाला पट्टा बांधून वीस मिनिटं बाळाचे ठोके बघायचे. मी शांतपणे विचारलं, कशाला? म्हणाल्या, आईचं बीपी चढतंय, त्यात बाळाला त्रास होत नाही ना ते कळायला हवं. टेस्टचं नाव नॉन-स्ट्रेस टेस्ट. जिच्यात स्ट्रेसच नाही ती टेस्ट करायची कशाला, हा माझा दुसरा प्रश्न. बाहेर पेशंट थांबलेत म्हणाल्या.

संकल्प. या टेस्टची गरज आहे की नाही, हे मी स्वतः अभ्यास करून ठरवणार. लातुरात इतकी वर्षं नीटच्या पोरांना फिजिक्स शिकवतोय. माझ्या वर्गातून गेलेली पोरं आज डॉक्टर म्हणून मिरवतात. मला एक पट्टा कळणार नाही? दुसरा संकल्प, डोकं थंड ठेवायचं. घरात बाळ येणार आहे.

परत येताना एक ऑटोवाला आडवा घुसला. त्याला समजावून सांगितलं. उजवा अंगठा सुजलाय.

८ मार्च, रविवार

अभ्यास जोरात. इंटरनेटवर सगळं आहे. निष्कर्ष जवळजवळ निघालाच आहे. भात शिजताना सारखं झाकण काढून बघितलं तर भात बिघडतो. बाळाचंही तेच.

सासूबाईंचा भोकरहून फोन. कस्तुराबाई त्यांचं नाव, शेती स्वतः बघतात, आवाज बांधावरून हाक मारल्यासारखा. म्हणाल्या, जावईबापू, पहिलं बाळंतपण हाय, रीतीनं लेकीला माहेरी पाठवा. मी म्हणालो, भोकरला काय सोय आहे, तिथं ठोक्यांचं मशीन तरी आहे का? त्या म्हणाल्या, पण मशीन नको म्हणून तर तुम्हीच भांडून राहिले की.

मोबाईल पडला. समोरच्या भिंतीवर. हल्लीच्या स्क्रीनमध्ये काही दम नाही.

तनुजानं काचा गोळा केल्या. एक शब्द बोलली नाही. गरोदरपणात बायका कशा शांत होतात ते बघण्यासारखं आहे.

१० मार्च, मंगळवार

पहिली टेस्ट. अभ्यासाचा भाग म्हणून एकदा जाऊ दिलं.

कुसुम सिस्टरनं तनुजाच्या पोटाला दोन पट्टे बांधले. ठोक्यांची रेघ सरळच चाललेली. सिस्टर म्हणाली, बाळ झोपलंय, यांना काहीतरी गोड खाऊ घाला, मग जागं होईल. म्हणजे हे यांचं सायन्स! पेढा! मी माझं मत मांडलं. शेवटच्या बाकापर्यंत पोचायची सवय असल्यामुळे आवाज थोडा लागला असेल. आणि काय आश्चर्य, रेघ टणकन वर उडाली. सिस्टर म्हणाली, झालं बाई जागं. पोटात असून बाळाला बापाचा आवाज कळतो. मला अगदी भरून आलं.

मग सिस्टरनं तनुजाचं बीपी मोजलं. दीडशेच्या वर. मला म्हणाली, सर, तुम्ही जरा चहा पिऊन येता का? चहा पिऊन आलो तर तेच बीपी एकशे तीस. माणूस एकच, मशीन एकच, आकडे दोन. यावर विश्वास ठेवायचा? मशीनला वरून एक समजावणीची दिली, तसं सिस्टरनं ते कवेतच घेतलं.

१२ मार्च, गुरुवार

स्वावलंबन. घरीच ठोके ऐकायचं यंत्र मागवलं, शिवाय बीपीचं एक. आता हॉस्पिटलची पायरी चढायची गरज नाही.

यंत्र तनुजाच्या पोटाला लावलं. ठोके मिनिटाला अठ्ठ्याऐंशी. पुस्तकात बाळाचे एकशे दहाच्या पुढे लिहिलेत. म्हणजे आपलं बाळ स्वभावानं थंड आहे. माझ्यावर गेलंय. तनुजा हळूच म्हणाली, अहो, हे माझेच असतील. मी तिला समजावलं. म्हणजे तोंडानंच. तांब्या जो गेला तो तिच्यापासून चांगला हातभर लांबून गेला. तनुजावर मी आजपर्यंत हात उचललेला नाही, हे इथं स्पष्ट लिहून ठेवतो.

बीपीचं यंत्र आधी स्वतःच्या दंडाला लावून तपासलं. एकशे पंच्याहत्तर दाखवलं. मला! पुन्हा लावलं तर एकशे नव्वद. सदोष माल. त्याचे तुकडे झाडून कोपऱ्यात ठेवलेत.

१३ मार्च, शुक्रवार

निकाल जाहीर. वारंवार तपासणीची गरज नाही. आजच्या टेस्टला जायचं नाही असं तनुजाला सांगितलं. तिनं मान हलवली. पटलं तिला.

क्लासमध्ये एका पोरानं विचारलं की सर, हे गणित मागच्या आठवड्यात तुम्ही वेगळं सोडवलं होतं. डस्टर सुटला. कपाळाला थोडं लागलं त्याच्या. संध्याकाळी क्लासच्या मालकांनी बोलावून घेतलं आणि म्हणाले, सर, बाळ होईपर्यंत तुम्ही घरीच राहा, नंतरचं नंतर बघू. मी न मागताच त्यांनी पितृत्व रजा दिली. खासगी क्षेत्रात इतकी माणुसकी मी बघितली नव्हती.

१६ मार्च, सोमवार

आज धमकी आली.

दुपारी हॉस्पिटलच्या रिसेप्शनवरून एका बाईचा फोन आला. म्हणाली, सर, तुमचे ठोके बाकी हायत. मी विचारलं, काय? तर पुन्हा तेच. ठोके बाकी हायत, उद्या येऊन घेऊन जावा.

मला ठोकणार? दयानंद सरांना? मी विचारलं, कोण ठोकणार, नाव सांग. ती म्हणाली, कुसुम सिस्टर. मी फोन ठेवला. एका बाईच्या नावानं धमक्या देतात. बायकोची टेस्ट चुकवली म्हणून नवऱ्याला मारायचं, हे या धंद्याचं खरं रूप. तनुजा स्वयंपाकघरातून म्हणाली, अहो, ते बाळाचे ठोके म्हणत असतील. किती भोळी आहे.

उद्या जाणार. शांतपणे जाब विचारणार.

१७ मार्च, मंगळवार

अक्षर डाव्या हाताचं आहे. उजव्याला टाके पडलेत.

तनुजा सकाळी देवीला जाऊन येते म्हणून बाहेर पडली. मी हॉस्पिटलात गेलो. दारावर भुजंग नावाचा वॉचमन. म्हणाला, सर, बायकांचा वार्ड हाय, जरा दम खावा. मला दम खा म्हणतो! त्याला समजावलं. तो खाली बसला. मग रिसेप्शनवर विचारलं, कोण ठोकणार होतं मला, या पुढं. एक कंपाउंडर आला. त्याची कॉलर माझ्या हातात राहिली, तो मागं गेला. मग काचेचं दार आलं. दार म्हणजे काय, नुसती काच. एका बुक्कीत खाली.

आतून ओरडण्याचा आवाज आला. आवाज ओळखीचा वाटला. तनुजा आत पट्टा बांधून झोपली होती. देवीला गेली नव्हती.

काच फुटली तेव्हा बाळाचे ठोके आधी खूप पळाले आणि मग एकदम खाली आले. हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त मॅडम आणि दोन सिस्टर पळताना दिसल्या आणि तनुजाच्या तोंडाला मास्क लावलेला दिसला. मी दारात उभा होतो. हातातून रक्त टपकत होतं. कुणी माझ्याकडे बघितलं नाही. मला खूप भीती वाटली हे खरं आहे.

पुष्कळ वेळानं मॅडम बाहेर आल्या. म्हणाल्या, ठोके परत आलेत, बाळ ठीक आहे, तनुजाला ॲडमिट ठेवते. माझा हात कुसुम सिस्टरनंच शिवला. दर टाक्याला ती दाराकडे बघत होती. अनुभव कमी पडतो. मग पोलीस घेऊन गेले. तिथल्या साहेबांना मी पूर्ण विषय समजावून सांगितला, या वेळी खरोखर तोंडानं. ते म्हणाले, गुमान बसा.

१९ मार्च, गुरुवार. गुढीपाडवा

काल सुटलो. मॅडमनी ठाण्यात येऊन तक्रार मागं घेतली. माझा मुद्दा पटला असावा. जाताना म्हणाल्या, हे फक्त तनुजासाठी.

मी ठाण्यात होतो तेव्हा तनुजाचं बीपी नॉर्मल होतं म्हणे. हॉस्पिटलात एसी चांगला आहे.

आज सासूबाई आणि मेहुणा हरिओम जीप घेऊन थेट हॉस्पिटलात आले. मॅडमनीच सांगितलं म्हणे, माहेरी न्या आणि नांदेडला दाखवत राहा. मी गेटवर आडवा उभा राहिलो. कस्तुराबाई जीपमधून उतरल्या. म्हणाल्या, जावईबापू, लई मारके बैल आवरले मी, तुम्ही अंगाला हात तर लावून बघा. सणाचा दिवस होता. मी परवानगी दिली.

नवीन वर्षाचा संकल्प: राग पूर्ण बंद. कडुलिंब चावून शपथ घेतली. एका हातानं गुढी उभारली. ती कलली. पुन्हा उभारली, पुन्हा कलली. काठीचे दोन तुकडे केले, गुडघ्यावर. तांब्याला पोचा आला. शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या.

संकल्प उद्यापासून.

२३ मार्च, सोमवार

विजय!

हरिओमला फोन केला. तो म्हणाला, दाजी, ताईचं बीपी एकदम बरोबर हाय, नांदेडच्या डॉक्टरनी ठोके बघितले, बाळ मस्त हाय. आता हप्त्यातून एकदाच यावा म्हणले, सारखं सारखं पट्टा लावायची गरज न्हाई.

गरज नाही! पहिल्या दिवसापासून मी वेगळं काय म्हणत होतो? फोडलेली काच, पडलेले टाके, सगळं सार्थकी लागलं. भोकरच्या पाण्याचाही गुण असेल. लातूरच्या पाण्यात क्षार फार.

बुधवारी तपासणी आहे. जाणार. त्या डॉक्टरांच्या तोंडून हे वाक्य ऐकणार आणि तनुजालाही ऐकवणार.

२५ मार्च, बुधवार. नांदेड बसस्टँड

सकाळच्या गाडीनं आलो. कंडक्टरनं सुट्टे मागितले, तरी मी काही केलं नाही. याची नोंद असावी.

हॉस्पिटलात पोचलो तर तनुजा कॉटवर होती. पोटाला पट्टा, दंडाला बीपीचा दुसरा. उशाशी सासूबाई. नांदेडचे डॉ. रेणुकादास म्हातारे आहेत, हळू बोलतात. पडद्यावर बीपी एकशे अठरा. बाळाचे ठोके खोलीभर ऐकू येत होते. तनुजा आईशी कसल्या तरी गोष्टीवरून हसत होती. तिला हसताना मी बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं.

मी आत पाऊल टाकलं. नमस्कार म्हणालो, एवढंच. तनुजाचं हसू गेलं. दंडावरचं मशीन थोड्या थोड्या वेळानं आपोआप मोजत होतं. ते फुगलं, मग सुटलं. एकशे चोपन्न. डॉक्टरांनी आकडा बघितला, मग मला बघितलं आणि म्हणाले, चला, आपण बाहेर बोलू.

दाराबाहेर मी विषयाला हात घातला. वारंवार तपासणीची गरज नाही, हे खरं ना? ते म्हणाले, बरोबर आहे, सध्या नाही. म्हणालो, मी हेच सांगत होतो. ते म्हणाले, फक्त एक पथ्य पाळावं लागेल. मी विचारलं, मीठ? लोणचं? ते म्हणाले, तुम्ही.

मला कळलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. बाळ होईपर्यंत तुम्ही तिच्यासमोर येऊ नका. पुढचं ती ठरवेल.

दार अर्धं उघडंच होतं. माझा चष्मा घसरला होता. तो वर करायला मी हात उचलला, बँडेजचाच. बाकी काही नाही, फक्त चष्मा. आत तनुजानं चटकन कूस वळवली आणि दोन्ही हातांनी पोट झाकून घेतलं.

तिला सांगायचं होतं की चष्मा होता. तेवढ्यात सासूबाईंनी उठून दार लावून घेतलं.

हरिओम म्हणाला, दाजी, चला, लातूरची गाडी लागलेली हाय. मी हात खिशात घातला आणि स्टँडवर येईपर्यंत बाहेर काढला नाही.